येरळवाडी-मायणीचा पाणथळ काठ पायी आणि सायकलने: दोन दिवस कसे आखावेत?

विट्याची वाट: जानेवारीअखेर आम्ही चौघं सातारा जिल्ह्यातल्या येरळवाडी आणि मायणीच्या तलावांवर पक्षी बघायला येतोय, सोबत सत्तरीची आई आहे. गाडीतून उतरायचं, फोटो काढायचे आणि निघायचं, असं नकोय. सावकाश, काठाकाठाने बघायचंय. वेळा, सामान आणि काठावरचे धोके नीट सांगाल का?

पाणकाठ: एका वेळी एकच काठ धरा. पूर्ण फेरी मारलीत की काठावरचा प्रत्येक थवा एकेकदा उडतो आणि तुम्हाला पाठमोरे पक्षी दिसतात. सकाळी पूर्वेच्या काठावर बसा, दुपारी चारनंतर पश्चिमेच्या. ऊन पाठीशी राहिलं तरच रंग कळतात; समोर ऊन असेल तर थापट्या आणि हळदीकुंकू ही दोन्ही बदकं काळीच दिसतील.

कांड्या करकोचे सकाळी रानात हरभरा, भुईमूग टिपत असतात आणि ऊन चढल्यावर पाण्यावर उतरतात. म्हणजे नऊला ‘आज काही नाही’ म्हणत उठणारे नेमके त्यांनाच मुकतात. पट्टकादंबांचं (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांचं) उलटं: ते बहुतेक रात्री पिकात चरतात आणि दिवसा काठावर विसावतात. त्यांनी माना उंचावल्या की तिथेच थांबा. पुन्हा चोची पंखांत गेल्या तरच पुढे सरका, नाहीतर मागे या.

तलाव तुडुंब असेल तर चिखलाचा पट्टा उघडा पडत नाही. मग तुतवार, शेकाट्या अशा चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना जागा नसते आणि बदकं मधोमध राहतात. मायणीच्या जुन्या तलावात गाळही बराच आहे. म्हणून निघण्याआधी दोन्हीकडचं पाणी किती उतरलंय, हे स्थानिकांना विचारा. दुर्बीण ८×४२ पुरे.

माणदेशी चाक: सायकल तलावाच्या बांधाच्या भरावापर्यंत आणि गाडीवाटेनेच न्या. वेडी बाभूळ सगळीकडे आहे, तिचा काटा टायर भेदून ट्यूबला लागतो. माणशी दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान आणि हातपंप घ्या. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काट्याचं टोक आहे. ते चिमट्याने काढलं नाही तर दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत बसते.

खरा धोका काळ्या मातीचा. वरचा पापुद्रा वाळून भेगाळलेला, खाली लोण्यासारखा मऊ गाळ. पुढे काठी टेकवून तिच्यावर भार द्या. वीतभर सहज गेली तर तिथूनच वळा. पाय रुतलाच तर सरळ वर उपसू नका, तळाशी पोकळी धरते आणि बूट आणखी घट्ट बसतो. मागे बसून टाच हळूहळू हलवा. तळाशी हवा-पाणी शिरलं की पाय सुटतो. सैल गमबूट तर चिखलातच राहतो, नाडीचे जुने बूट बरे.

काठालगत हिरवं दिसेल ती बहुधा कुणाची तरी गाळपेर, म्हणजे पाणी उतरलेल्या गाळात पेरलेलं पीक असते. बांधावरून जा, आत पाय घालू नका.

टिटवी: मायणी परिसर २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला आहे, त्यामुळे आधी वनविभागाकडे चौकशी करा. ड्रोन अजिबात नको. मासेमाऱ्यांच्या तराफ्यावरून थव्याजवळ जायचा हट्टही धरू नका: हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याला पुन्हा पुन्हा उडवलं, तर परतीसाठी साठवायची चरबी इथेच संपते.

पुढे कधी मार्चनंतर आलात तर उघड्या, खडेदार जमिनीवर चालूच नका. टिटवीची अंडी तिथे उघड्यावरच असतात आणि पावलाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

विट्याची वाट: आईला फार चालवत नाही. आणि परतताना भिलवडीकडे कृष्णाकाठी असंच बसता येईल का?

पाणकाठ: आईंना भरावाजवळ घडीचं स्टूल, टोपी आणि दुर्बीण द्या. थकवा हाताला आधी येतो, म्हणून कोपर टेकायला मांडीवर पिशवी ठेवा. पट्टकादंबाच्या गळ्यात कधीकधी अक्षरं लिहिलेला पट्टा असतो. तो दिसला तर रंग, अक्षरं, तारीख आणि जागा वहीत टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळवा.

कृष्णाकाठी मात्र ही पद्धत चालणार नाही. तिथे मगरी आहेत. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरूनच पाहा, पाण्याला टेकलेल्या गवतात किंवा मळीत (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत) उतरू नका, आणि संध्याकाळ व्हायच्या आत काठ सोडा.