१४ ते १७ वयाच्या मुलांना काम किंवा स्वयंसेवा मिळवून देताना यादीपलीकडे काय करावं लागतं?

वाचनकोपरा:
आमच्या वाचनालयाने २० मुलामुलींना सुट्टीतलं काम किंवा स्वयंसेवा शोधायला मदत करायचं ठरवलं आहे. संस्थांची यादी फलकावर लावली, पण चौकशी दोघातिघांनीच केली. जागा मिळालेल्यांपैकी काही जण आठवड्याभरात परत आले, "तिथे करायला काही नसतं" म्हणाले. कुठे चुकतंय? आणि वयाचे नियम कोणते बघायचे?

कामाची वही:
"करायला काही नसतं" हे नीट ऐका, दुखणं तिथेच आहे. बऱ्याच संस्था भिडेखातर होकार देतात. मूल दारात येऊन उभं राहिलं की त्याला काय सांगायचं, हे कुणी ठरवलेलंच नसतं. म्हणून मुलांच्या आधी जागा तयार करा. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन चार गोष्टी लिहून घ्या: पहिल्या दिवशी मूल काय करणार, अडलं तर कुणाला विचारणार (एका माणसाचं नाव हवं, 'ऑफिसात कुणालाही' चालत नाही), वार आणि वेळ कोणती, काम कधी संपणार.

'उपक्रमात मदत' हे काम नव्हे. 'शनिवारी १० ते १ परत आलेली पुस्तकं क्रमांकाप्रमाणे कपाटात लावणे, बांधणी सुटलेली बाजूला काढणे' हे काम. चारही उत्तरं मिळत नसतील तिथे यंदा कुणाला पाठवू नका, यादी निम्मी झाली तरी चालेल.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी मुदत ६ आठवडे, आठवड्यातून २ दिवस, दर वेळी २-३ तास एवढीच धरा. शेवट दिसत असला की मुलं टिकतात. मुलांना नुसती 'आवड' विचारू नका, त्यावर उत्तर येतं "काहीही चालेल". गर्दीत बरं वाटतं की शांत जागी, हाताने काम करायचंय की लोकांशी बोलायचंय, आणि एकट्याने जाता-येता येईल का, हे विचारा. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जाण्या-येण्याची सोय न पाहता ठरवलेली जागा बहुधा टिकत नाही.

पहिल्या दिवसाच्या कामानंतर त्याच संध्याकाळी मुलाला आणि देखरेख करणाऱ्याला वेगवेगळं विचारा. पहिल्याच दिवशी कळलेली अडचण सहज सुटते.

नियमवाला:
वयाचं सांगतो. आधी तुमच्याकडचा कायदा बघा, तो अनेकदा आंतरराष्ट्रीय नियमांपेक्षा कडक असतो. मूळ चौकट आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ च्या करार क्र. १३८ ची. कामाचं किमान वय १५, आणि सक्तीचं शिक्षण संपण्याआधी नाही. विकसनशील देशांना सुरुवातीला १४ ची मुभा आहे. तब्येतीला आणि शाळेला धक्का न लावणारं हलकं काम १३ ते १५ वयात देता येतं, तेही देशाच्या कायद्याने परवानगी दिली तरच. धोकादायक कामाला १८ पूर्ण हवेत. १९९९ च्या शिफारस क्र. १९० मध्ये अशा कामांची उदाहरणं आहेत: जमिनीखालचं, पाण्याखालचं किंवा धोकादायक उंचीवरचं काम, धोक्याची यंत्रं, जड ओझी, रात्रपाळी.

पगार नाही म्हणून यंत्राचा धोका कमी होत नाही, त्यामुळे स्वयंसेवेलाही हाच चाळणीचा नियम लावा. जे काम एरवी पगारी माणूस करतो आणि ज्याचा नफा मालकाला जातो, ते फुकट करून घेणं म्हणजे स्वयंसेवा नव्हे. पालकांचं लेखी संमतीपत्र घ्याच. नोंदणी किंवा 'प्रशिक्षणा'साठी मुलाकडूनच पैसे मागणारी, पत्ता न देता फक्त चॅटवर बोलणारी, किंवा मोठ्या माणसासोबत बंद खोलीत एकट्याने बसायला लावणारी जागा लगेच यादीतून काढा.

एकपानी:
बायोडेटा एकाच पानाचा. अनुभवाच्या जागी 'नाही' लिहू नका. 'घरात मदत करते' यातून काहीच कळत नाही. 'दोन लहान भावंडांना रोज शाळेत सोडणे-आणणे, २ वर्षं' यातून वक्तशीरपणा आणि जबाबदारी दोन्ही दिसतात. मात्र मजकूर मुलाचाच हवा. मोठ्यांनी सजवलेली भाषा मुलाखतीत पहिल्या प्रश्नालाच उघडी पडते. घरचा पूर्ण पत्ता आणि ओळखपत्राचा क्रमांक घालू नका, वय आणि परिसर पुरे. संदर्भासाठी नात्याबाहेरची व्यक्ती हवी, आणि नाव देण्याआधी तिला विचारलेलं हवं.

वाचनकोपरा:
खूप आभार. एक राहिलं: बरीच मुलं फोन करायलाच घाबरतात. आम्ही किंवा पालकांनी केला तर?

कामाची वही:
करू नका. फोन मुलानेच करायचा, तुम्ही शेजारी बसा. समोर कागदावर एवढंच असू द्या: "नमस्कार, माझं नाव अमुक. मी १५ वर्षांची आहे. शनिवारी पुस्तकं लावायला स्वयंसेवक हवेत असं कळलं. याबद्दल कुणाशी बोलू?" आणि थांबायचं. आधी तीनदा सराव घ्या. तिसऱ्या वेळी तुम्ही मुद्दाम "आत्ता जागा नाही" म्हणा, म्हणजे "बरं, पुढे जागा झाली तर कळवाल का?" हे तोंडात बसतं. नकाराचं वाक्य तयार असलं की भीती बरीच उतरते. ईमेलला उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदाच आठवण करायची.

आणि तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, आल्याची-गेल्याची वेळ, काय केलं, सही. सही त्याच दिवशी घ्यायची. दोन महिन्यांनी प्रमाणपत्र मागायला गेलं तर किती तास झाले ते तिथे कुणालाच आठवत नाही.