बाहेरून येणाऱ्यांचे विचार तपासून मगच नागरिकत्व द्यावे का?

ठाम_मत:
लोकशाही देशाने बाहेरून आलेल्याला नागरिकत्व देताना शिक्षण, कमाई आणि पोलिसांतली नोंद एवढ्यावर थांबू नये. बायको-मुलीला आपल्याइतकाच हक्क आहे, कोणीही धर्म सोडू शकतो, आपल्या श्रद्धेवर टीका होऊ शकते, हे त्याला मान्य आहे का, ते विचारलेच पाहिजे. नागरिकत्वाबरोबर मताचा हक्क येतो, आणि दुसऱ्यांचे हक्क मतपेटीतूनही काढून घेता येतात. जर्मनीत २००८पासून नागरिकत्वाची परीक्षा आहे. ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की पास, आणि सगळे प्रश्न आधीच जाहीर. घोकून पास झालेल्याच्या मनात काय आहे ते कसे कळणार?

उंबरठा:
मनातलेही विचारून झाले आहे तिथे. २००६ साली बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने अधिकाऱ्यांना ३० प्रश्नांची यादी दिली. मुलाने आपण समलिंगी असल्याचे सांगितले तर काय कराल, अशा धर्तीचे प्रश्न, आणि रोख मुस्लिम देशांतून आलेल्यांवर. तेच मत बाळगणाऱ्या जन्माने जर्मन माणसाला कोणी काही विचारत नव्हते. राज्यात सरकार बदलल्यावर २०११ मध्ये यादी रद्द झाली. अशा मुलाखतीत प्रामाणिक माणूस अडकतो. ज्याच्यापासून खरा धोका आहे तो हवे ते उत्तर देऊन सुटतो.

ठाम_मत:
@उंबरठा, खोटे बोलता येते म्हणून कोर्टातली शपथ बंद करायची का? खोटे उत्तर नोंदीत राहते, हाच त्याचा उपयोग. फसवणुकीने मिळवलेले नागरिकत्व जर्मनीत १० वर्षांपर्यंत काढून घेता येते. आणि जन्माने नागरिक असलेल्याला देश निवडत नाही, येणाऱ्याला निवडतो. दोघांना एकच नियम लागू होत नाही.

जुनी_पाने:
निवडणारा कोण, तेही बघा. ऑस्ट्रेलियात १९०१पासून १९५८पर्यंत श्रुतलेखनाची चाचणी होती. अधिकारी निवडेल त्या भाषेतले ५० शब्द लिहायचे. गोरे नसलेल्यांना बाहेर ठेवायला ती आणली होती, पण हत्यार हाती असले की ते इतरांवरही चालते. १९३४ मध्ये नाझींविरुद्ध बोलायला आलेल्या एगॉन किश या प्रागच्या पत्रकाराला बऱ्याच युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून त्याची चाचणी स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली! तिथल्या हायकोर्टाने ती मोडीत काढली. विचार तपासायचा अधिकार आज तुमच्या आवडीच्या सरकारकडे असेल. उद्या?

साधी_वाट:
दारावरच्या प्रश्नांवर एवढे भांडतो, दारातून आत आल्यावर काय होते यावर कोणी बोलत नाही. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले आणि १९७३ मध्ये भरती थांबवली. 'पाहुणे कामगार' म्हणायचे त्यांना. पाहुणा परत जाणार, मग त्याला भाषा कशाला शिकवा? बरेच जण राहिले, बायका-मुले आली, मुले शाळेत गेली. देशभरातले सरकारी एकात्मता वर्ग मात्र २००५ मध्ये सुरू झाले. भाषेचे साधारण ६०० तास, कायदा-इतिहास-समाजाचे १००. मधल्या चाळीसेक वर्षांत जे अंतर पडले, त्याचे खापर फक्त येणाऱ्यांच्या विचारांवर फोडणे मला अन्यायाचे वाटते.

ठाम_मत:
वर्ग हवेतच. पण भाषा उत्तम येणारा माणूसही मुलीचे लग्न जबरदस्तीने लावू शकतो.

साधी_वाट:
लावू शकतो, आणि जर्मनीत तो २०११पासून वेगळा नोंदवलेला गुन्हा आहे. पण तक्रार करायला त्या मुलीला पोलीस ठाण्यात जाऊन बोलता आले पाहिजे. बापाची मुलाखत कितीही कडक घ्या, तिला त्याचा काय उपयोग? माझ्या हातात पैसा असता तर तो आधी आयांच्या भाषावर्गांवर आणि त्यांच्या लहान मुलांना त्या वेळात सांभाळण्यावर खर्च केला असता. पोर सांभाळायला कोणी नाही म्हणून वर्ग सुटतो, आणि घरातला एकच माणूस सगळ्यांच्या वतीने बोलत राहतो.