मागच्या शॉकअपला साधी स्प्रिंग की प्रोग्रेसिव्ह?

पांदणवाट (परतवाड्याजवळ)
चिखलदऱ्याहून उतरून पांदणीनं गावाकडं येताना माझी फुल सस्पेन्शन (पुढं-मागं दोन्हीकडं दबणारी) सायकल तळाला आपटते, म्हणजे मागचा शॉकअप पूर्ण दबून ठोकते. मागे १५० मिमी ट्रॅव्हल (चाक तेवढं वर जाते), शॉकअप २३० बाय ६० (लांबी २३० मिमी, दबते ६०), त्यावर ४५० ची (इंचाला ४५० पौंड) लिनियर, म्हणजे शेवटपर्यंत सारखीच कडक राहणारी साधी स्प्रिंग. वजन ७८ किलो. बारीक गोट्यांवर चाक लोण्यासारखं चालते, पण नाल्याच्या दरडीवरून उडी पडली की 'खट्ट'! दणका टाचेपासून कमरेपर्यंत जाते. ५०० ची घेऊ की प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दबता दबता कडक होणारी? इथं मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते. चुकीची आली तर पैसे पाण्यात.

गॅरेजवाला
भाऊ, हेल्मेट-पाण्यासकट सीटवर बस आणि शॉकअपच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोज. किती भरते?

पांदणवाट
२१२.

गॅरेजवाला
म्हणजे सॅग (नुसत्या बसण्यानं शॉकअप दबते ते अंतर) १८ मिमी, ६० च्या ३० टक्के. तुले ४५० बरोबर आहे. ५०० घेतली तर सॅग १६ वर येईल, गोट्यांवरचं सुख जाईल. कॉलरही (स्प्रिंग आवळायची चकती) आवळत बसू नको. त्यानं स्प्रिंगचा रेट (कडकपणा) बदलत नाही.

आता फ्रेम तपास. शॉकअप काढ, सायकल निंबाच्या फांदीला टांग, बाजूला फळी उभी कर. चाक हातानं उचलत जा. बोल्टांमधलं अंतर दर १० मिमीनं घटलं की ॲक्सल किती चढला, खडूनं खूण कर. २८, २७, २६, २४, २३, २२ असं उतरत गेलं तर फ्रेमच शेवटी कडक होते, लिनियर पुरते. सगळे आकडे २५ च्या आसपास आले तर प्रोग्रेसिव्ह.

गाविलगडची
मी एअर, म्हणजे हवेची स्प्रिंग वापरते. ती मुळातच प्रोग्रेसिव्ह, आत स्पेसर (हवेची जागा कमी करणारा तुकडा) टाकला की शेवट आणखी कडक. पण सकाळी २५ अंशांत भरलेल्या हवेचा दाब दुपारी ४५ अंशांत साधारण ७ टक्के वाढतो. उन्हाळ्यात कॉइल (वेढ्यांची धातूची स्प्रिंग) बरी.

पांदणवाट
मोजलं. २६, २५, २५, २५, २५, २४.

गॅरेजवाला
प्रोग्रेसिव्हच घे. तिचे एका टोकाचे वेढे जवळ असतात, मोटारसायकलच्या फोर्कमध्ये असतात तसे. ते आधी चिकटतात, मोकळे वेढे कमी उरतात, म्हणून शेवटी कडक. सुरुवातीचा रेट ४५० च्या आसपासचाच पाहून घे आणि पूर्ण ६० मिमी दबते का, ते विचारून घे. बसवल्यावर रिबाउंड (दबून परत उसळायचा वेग) एक-दोन क्लिक मंद कर, काऊन का शेवटातून ती जास्त जोरानं फेकते. अन् शॉकअप हातात आहेच तर शाफ्टवरचं, तळाचा दणका झेलणारं रबर पाहून घे. तडकलं असंल तर तेही बदल.