अँडीजच्या विमान अपघातातून वाचलेले अजून बोलतायत. बोलू द्यावं की आता पुरे?

शिरोलीचा फोरमन
गेल्या आठवड्यात आमच्या कारखान्यानं सगळ्या सुपरवायझरांना एका हॉटेलात बसवून दिवसभर प्रेरणा पाजली. बाहेरून आलेल्या वक्त्यानं अँडीज पर्वतातल्या विमान अपघाताची गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटी विचारलं, "ती पोरं 72 दिवस टिकली, तुम्हाला एक तिमाही टार्गेट झेपत नाही?" टाळ्या पडल्या. मी हात खिशात घातले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 13 ऑक्टोबर 1972. उरुग्वेच्या हवाई दलाचं विमान. आत माँटेव्हिडिओतल्या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा रग्बी संघ, त्यांचे मित्र, नातेवाईक, आणि विमानाचे कर्मचारी, सगळे मिळून 45. चिलीत सामना खेळायला निघाले होते. ढगात अंदाज चुकला, डोंगर ओलांडायच्या आधीच विमान खाली आणलं आणि ते आदळलं. पंख गेले, शेपूट गेलं, मधलं धड बर्फावरून घसरत साडेतीन हजार मीटरवर जाऊन थांबलं. आठ दिवस शोधून सरकारनं शोध थांबवला, आणि ती बातमी या लोकांनी तिथंच बसून ट्रान्झिस्टरवर ऐकली. खायला काही उरलं नाही तेव्हा मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. डिसेंबरात दोघं जण दहा दिवस चालून चिलीच्या बाजूला उतरले, मग हेलिकॉप्टर गेली. 16 जगले.

आता माझं म्हणणं. या सोळांतले बरेच जण गेली कित्येक वर्षं जगभर हेच सांगत फिरतायत. नांदो पॅराडो तर कंपन्यांच्या संमेलनांतला नावाजलेला वक्ता आहे. पन्नास वर्षं तीच गोष्ट सांगितल्यावर माणसाला घडलेलं आठवत नाही, मागच्या वेळी कसं सांगितलं ते आठवतं. कुठं थांबलं की सभागृह गप्प होतं, हे त्याला पाठ झालेलं असतं. आणि जे 29 गेले त्यांना यावर बोलायची सोय नाही. एकदा सांगितलं, पुस्तकं आली, सिनेमे आले. आता पुरे करावं. निदान पैसे घेऊन तरी सांगू नये.

पेठकरी
फोरमनसाहेब, वक्त्यानं तुमचं डोस्कं फिरवलं हे कळलं. पण मग त्याला धरा की. त्या सोळा जणांवर कशापायी घसरताय? तो गडी काय त्यांना विचारून आला होता व्हय?

गुळाची ढेप
कोल्हापूरची पोरं असती तर आधी कांदा-लसूण चटणी शोधली असती. हलकं घ्या लोकहो.

शाहूपुरीची डॉक्टर
@गुळाची ढेप, नाही घेत हलकं. या विषयावर कुठंही बोला, तिसऱ्या मिनिटाला हा विनोद येतोच. म्हणून थोडं शरीराचं सांगते. यकृतातला साखरेचा साठा दिवस-दीड दिवसात संपतो. मग चरबी आणि स्नायू जळायला लागतात. तिथं श्वासामागं मिळणारा ऑक्सिजन इथल्या जेमतेम दोन तृतीयांश, रात्री कडाक्याची थंडी, विमानात थोडी चॉकलेटं, जॅमच्या दोन-तीन बरण्या आणि वाइन. बर्फावर झाड नाही, गवत नाही, किडा नाही. पाणीसुद्धा फुकट नव्हतं. नुसता बर्फ चघळला तर तोंड सोलवटतं आणि अंगातली ऊब जाते. म्हणून त्यांनी सीटमागचे अॅल्युमिनियमचे पत्रे काढून पन्हाळीसारखे वाकवले, उन्हात धरले आणि थेंबथेंब पाणी बाटलीत उतरवलं.

पहिला काप घेणाऱ्यांत रोबेर्तो कानेसा होता. एकोणीस वर्षांचा, मेडिकलचा विद्यार्थी. शवविच्छेदनाच्या टेबलावर अनोळखी देह असतो, तरी पहिल्या दिवशी आमच्या वर्गातल्या निम्म्यांचे हात थरथरत होते. त्याच्यासमोर कालपर्यंत शेजारच्या सीटवर बसलेला मित्र होता. पुढे तो लहान मुलांचा हृदयरोगतज्ज्ञ झाला. असा माणूस सत्तरी ओलांडून या विषयावर बोलत असेल तर मी ऐकेन. फी घेतली तरी ऐकेन.

शिरोलीचा फोरमन
डॉक्टर, त्यांनी जे केलं त्याबद्दल माझा एक शब्दही वाईट नाही. मी असतो तर मीही केलं असतं, किंवा पहिल्या आठवड्यात मेलो असतो. प्रश्न नंतरच्या पन्नास वर्षांचा आहे.

कळंब्याची मास्तरीण
नंतरचं म्हणता, तर ते सुरू कसं झालं ते बघा. त्यांचं आपापसात ठरलं होतं की आधी उरुग्वेला जायचं, मेलेल्यांच्या घरच्यांना समोर बसून सांगायचं, मग बाकी जग. पण त्याआधीच चिलीच्या वर्तमानपत्रांत विमानाजवळच्या अवशेषांचे फोटो छापून आले. नाताळाचे दिवस होते. मग 28 डिसेंबरला आपल्याच जुन्या शाळेत पत्रकार परिषद घेऊन त्यांना बोलावं लागलं. म्हणजे गोष्ट त्यांनी विकायला काढली नाही, ती त्यांच्या हातून हिसकावली गेली. अशा वेळी जो गप्प बसतो त्याच्याबद्दल बाकीचे बोलतात.

आता आठवणीचं. आमच्या माहेरी शिरोळकडं 2019 च्या पुराच्या गप्पा निघाल्या की दरवर्षी पाणी हातभर चढतं. पण घराच्या भिंतीवर रंगानं मारलेली रेघ आहे, तिच्यापुढं कुणाचं चालत नाही. अँडीजच्या बाबतीत अशी रेघ आहे. गुस्तावो निकोलिच नावाचा पोरगा. शोध थांबल्याची बातमी त्यानंच बाकीच्यांना दिली, आणि सांगताना चांगली बातमी आहे म्हणाला, कारण आता आपलं आपणच बाहेर पडायचं. त्यानं मैत्रिणीला पत्र लिहून ठेवलं होतं. आम्ही मृतांचं मांस खायला सुरुवात केलीय, आणि उद्या माझ्या देहानं कुणी वाचणार असेल तर मला आनंदच होईल, या अर्थाचं. 29 ऑक्टोबरच्या रात्री हिमस्खलन विमानाच्या सांगाड्यात घुसलं, आठ जण गेले, त्यात तोही गेला. पत्र मागं राहिलं. तुम्ही म्हणालात 29 जणांना बोलायची सोय नाही. त्यातला एक तर स्पष्ट बोलून गेलाय.

शिरोलीचा फोरमन
मास्तरीणबाई, पत्राचं मान्य. कागद आहे, तारीख आहे, त्यावर टाळ्या पडाव्यात म्हणून तो लिहिलेला नाही. मी म्हणतो ते हेच आहे ना. कागद बोलू दे. व्यासपीठावरचा माणूस कशाला?

आणि सोळांतला पेद्रो अल्गोर्ता तीसहून जास्त वर्षं जाहीर काही बोलला नाही. नोकरी केली, संसार केला. मला तो जवळचा वाटतो.

पेठकरी
पण शेवटी बोललाच की तो! तुम्हीच सांगा, तीस वर्षं दाबून ठेवलं आणि मग बाहेर आलं, ह्याचा अर्थ काय? गप्प बसून भागत न्हाई.

दुसरं असं. सगळी एका शाळेची, एका क्लबची पोरं. शाहू स्टेडियमवर पेठेच्या मॅचला जाणाऱ्याला ह्यातलं निम्मं न सांगता कळतं. रेशन वाटायचं काम संघाच्या कॅप्टनकडं, मार्सेलो पेरेझकडं. मैदानात त्याचं ऐकायची सवय, म्हणून डोंगरावर पण ऐकलं. तोपण हिमस्खलनात गेला. आता तुमच्या त्या वक्त्याला विचारा, कॅप्टनची जिद्द कमी पडली व्हय? कोण कुठल्या कुशीवर झोपलं होतं एवढाच फरक हुता त्या रात्री.

शाहूपुरीची डॉक्टर
हे पेठकरींनी बरोबर धरलं. नुमा तुर्काती घ्या. सगळ्यांसाठी राबणारा, मोहिमांवर जाणारा. पायाची जखम चिघळली, अंगात काही उरलं नाही, 11 डिसेंबरला गेला. दुसऱ्याच दिवशी तिघं पश्चिमेला निघाले आणि त्याच चालण्यातून सगळ्यांची सुटका झाली. जिद्द असली की जगतो, हे गणित मी पेशंटच्या नातेवाइकांसमोर कधीच मांडत नाही. जो गेला त्याची कमी होती असा त्याचा दुसरा अर्थ होतो, आणि तो घरच्यांना बरोबर ऐकू येतो.

उजळाईवाडी रनवे
सगळे जिद्द आणि आठवण यावरच अडकलेत. माझा विरोध दोन्ही बाजूंना. यात सांगण्यासारखं काही असेल तर ती वैमानिकाकडून झालेली चूक.

विमानाला हा पर्वत सरळ ओलांडणं जमणारं नव्हतं, म्हणून दक्षिणेला जाऊन प्लांचोन खिंडीतून पश्चिमेला चिलीत शिरायचं आणि कुरिको गावावरून उत्तरेला वळायचं, असा मार्ग. खिंडीपासून कुरिकोपर्यंत 11 मिनिटं लागायला हवीत. खाली ढग, जमीन दिसत नाही, सगळं घड्याळावर. तरी तीनेक मिनिटांतच सहवैमानिकानं कुरिको आल्याचं कळवलं, वळला आणि खाली यायची परवानगी मागितली. ती मिळाली. समोर डोंगर.

पुढचं जास्त भयंकर. तो सहवैमानिक जखमी अवस्थेत मरेपर्यंत सांगत राहिला की आपण कुरिको ओलांडलंय. पोरांनी त्यावर विश्वास ठेवला. पश्चिमेचा एक डोंगर चढला की पलीकडं चिलीची हिरवी दरी, असा हिशेब. साडेचार हजार मीटरच्या वर चढून गेले तर पुढं नजर पोचेल तिथवर शिखरंच. तिथून एकाला, विझिंतिनला, माघारी पाठवलं, कारण तिघांचं रेशन पुरणार नव्हतं. आणि पूर्वेला वीसएक किलोमीटरवर एक बंद पडलेलं हॉटेल होतं. उलट दिशेनं.

पोरांना हे सांगा. खात्रीनं बोलणारा माणूस चुकलेला असू शकतो. पण हे जिवंत माणसाच्या तोंडून का ऐकायचं? चौकशी अहवाल पुरतो.

निवृत्त सुभेदार, सैनिक टाकळी
नमस्कार. बरेच दिवस वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

फेब्रुवारी 1968 मध्ये आपल्या हवाई दलाचं एएन-12 जातीचं विमान चंदीगडहून लेहला निघालं. 102 माणसं. लेहला हवामान खराब म्हणून माघारी वळलं आणि रोहतांगच्या भागात नाहीसं झालं. 2003 साली गिर्यारोहकांना अवशेष दिसले. त्यानंतर थोडे थोडे मृतदेह मिळत गेले, 2024 च्या सप्टेंबरात आणखी चार मिळाले. छप्पन वर्षं. त्या घरांतल्या बायका, आया वाट बघत गेल्या. तिथं सांगायला एकही माणूस उरला नव्हता.

रनवेसाहेब, अहवाल मी नोकरीत भरपूर लिहिले. त्यात वेळ असते, उंची असते, हवामान असतं. माझ्या तुकडीतला एक जवान बर्फात गेला. सुट्टीवर आलो तेव्हा त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं एकच विचारलं, त्या दिवशी तो जेवला होता का. अहवालात ते नव्हतं. मला माहीत होतं, सांगितलं. आदल्या रात्री खिचडी होती, लोणचं त्यानं माझ्या ताटातलं घेतलं होतं. तिला तेवढंच पाहिजे होतं.

म्हणून सांगणारा लागतो.

शिरोलीचा फोरमन
सुभेदारसाहेब, तुमच्यापुढं बोलायचं म्हणजे विचार करून. पण तुम्ही ते एका आईला सांगितलंत. दार लावून, चहाच्या कपावर. हजार खुर्च्यांच्या सभागृहात नाही. मी तो फरक सोडणार नाही.

कळंब्याची मास्तरीण
फोरमन, मग मेलेल्यांच्या आयांनी काय केलं तेही ऐका. 1973 मध्ये त्यांनी माँटेव्हिडिओत वाचनालय काढलं, नाव ठेवलं 'आमची मुलं'. कुणी तरी घरात बसून शोक करायला सांगितलं असणारच, पण त्यांनी पुस्तकं गोळा केली. म्हणजे ज्यांचा अधिकार तुमच्या-माझ्याहून मोठा, त्यांनी नावं पुसली नाहीत, दारावर लावली. सोळा जण आणि ही घरं एकाच शहरात राहिली, एकमेकांच्या समोर. दरवर्षी 22 डिसेंबरला सुटकेच्या दिवशी ते एकत्र जमतात. ज्या गुराख्यानं, सेर्जिओ कातालाननं, नदीपलीकडून दगडाला कागद-पेन्सिल बांधून फेकली आणि मग घोड्यावरून जाऊन पोलिसांना कळवलं, त्याच्याशी 2020 मध्ये तो जाईपर्यंत नातं ठेवलं. हे सगळं टाळ्यांसाठी होत नाही.

शिरोलीचा फोरमन
वाचनालयाचं मला माहीत नव्हतं. पण त्यानं माझाच मुद्दा पक्का होतो. त्या आयांनी तिकीट लावून भाषणं केली नाहीत. मानधनाबद्दल मी आहे तिथंच आहे.

शाहूपुरीची डॉक्टर
मी पेशंटचं दुःख ऐकायची फी घेते, वकील घेतो, कीर्तनकारसुद्धा बिदागी घेतो. ज्याच्या अंगावरून गेलं त्यानंच तेवढं फुकट सांगावं, हा हट्ट मला कळत नाही.

पेठकरी
एक नंबर, डॉक्टर.

शिरोलीचा फोरमन
कीर्तनकार स्वतःच्या मेलेल्या मित्रांची कथा लावत नाही.

कळंब्याची मास्तरीण
हे दोघांचं चालू दे. सुभेदारकाका, माझ्या आठवीच्या वर्गासमोर याल का? पैसे नाहीत, चहा आहे.

निवृत्त सुभेदार, सैनिक टाकळी
येतो. पण पोरांनी थंडीबद्दल विचारावं. बोटं कशी वाचवायची, बूट कसे वाळवायचे, चूल पेटत नाही तेव्हा काय. शौर्याबद्दल नको. आणि एक-दोन गोष्टी मी सांगणार नाही.

शिरोलीचा फोरमन
बघा, तुम्हीसुद्धा काही गोष्टी ठेवताच ना मागं!

निवृत्त सुभेदार, सैनिक टाकळी
ठेवतो. पण कुठल्या ठेवायच्या ते मी ठरवतो, फोरमनसाहेब. त्या सोळा जणांनाही तेवढी मोकळीक द्या.

कळंब्याची मास्तरीण
शनिवारी सकाळची शाळा असते, साडेदहाला वर्ग मोकळा होतो. फोरमन, तुम्हीही या. मागच्या बाकावर बसून विरोध करा, पोरांना तेही ऐकू दे.