मोतीबिंदू काढल्यावर परत येतो का? अर्जंट मदत हवी आहे

वैतागलेला_विनू: आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता परत धुरकट दिसतंय म्हणते, डॉक्टर म्हणतायत लेझर करा, मग आधी केलं ते काय होतं? पैसे उकळायचे धंदे आहेत का हे? उद्या सकाळी त्यांना कळवायचंय, लवकर सांगा.

रानजाई: ऑपरेशन कधी झालं, कुठला डोळा, शुगर-बीपी काय, हे कोण सांगणार?

पाटील_स्पीकिंग: लेझर बिनधास्त करा, माझा साडेचार नंबर गेला, चष्मा कपाटात.

रानजाई: ते लॅसिक हो, चष्म्याचा नंबर घालवायचं वेगळं लेझर! धागा वाचत जा जरा.

शंभूकाका: त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवायला सांगा. आमची आजी नव्वदीत सुई ओवायची.

चष्मिष्ट: काका, ऑपरेशन झालेल्या डोळ्यात घरचे काढे नकोत, इन्फेक्शन झालं म्हणजे?
विनू, मोतीबिंदू परत येत नाही, गढूळ झालेलं भिंगच काढलेलं असतं. त्याची पातळ पिशवी तेवढी ठेवतात, पुढून गोल कापून आत कृत्रिम लेन्स बसवतात. मागचा पापुद्रा तसाच असतो, त्यावर उरल्यासुरल्या पेशी पसरल्या की तो धुरकट होतो. याग लेझरने त्याला मधोमध खिडकी पाडतात. थेंब घालून बाहुली मोठी करतात, मशीनवर हनुवटी टेकवायची, टिकटिक आवाज येतो, काही मिनिटांत मोकळे, चिरा नाही.

शंभूकाका: आयुर्वेद म्हटलं की तुमच्या पोटात दुखतंच.

वैतागलेला_विनू: उजवा डोळा, दोन वर्षं झाली. शुगर आहे पण गोळ्या चालू आहेत, तिचा इथे काय संबंध?

चष्मिष्ट: संबंध आहे ना! शुगरमुळे आतल्या पडद्याला सूज असेल तर खिडकी पाडूनही धूसरच दिसणार. पडदा तपासला का, ओसीटी (पडद्याचं स्कॅन) केली का, ते उद्या विचारा. लेझरनंतर थोडे दिवस काळे ठिपके तरंगतात, पण चमका दिसल्या किंवा एका बाजूने काळोख आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, पडदा सुटलेला असू शकतो.

जुनी_पानं: अवांतर: कृत्रिम लेन्स पहिल्यांदा बसवली रिडली नावाच्या डॉक्टरने, १९४९, लंडन. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लॅस्टिकच्या काचेचे कण घुसायचे, ते आत राहूनही डोळा फारसा खवळत नाही हे त्याने पाहिलं होतं.

पाटील_स्पीकिंग: मग लेन्स बसवल्यावरही चष्मा लागतो का?

रानजाई: वेगळा धागा काढा.

वैतागलेला_विनू: ओसीटीचं विचारतो. पण खर्च किती येतो ते कोणीच सांगितलं नाही!

रानजाई: गाव कुठलं, सरकारी की खाजगी?