मदत हवी आहे: वाय-फाय जोडलेलं आहे, पण वरच्या पट्टीतलं चिन्ह गायब

माडाखाली

गाव शिरोडा, ता. वेंगुर्ला. घर चिऱ्याचं. फायबरचं कनेक्शन, मोडेम माजघरात. फोन अँड्रॉइड १३, दोन सिम, स्क्रीनवर मधोमध कॅमेऱ्याचं भोक.

सेटिंगमध्ये वाय-फाय चालू दिसतं, आमच्या नेटवर्कचं नाव सगळ्यात वर येतं. पण स्टेटस बारवर वाय-फायचा पंखा नाही. तिथे नुसतं ४जी. घरातल्या बाकीच्या दोन फोनवर चिन्ह नीट येतं. फोन बंद-चालू करून झाला, नेटवर्क फरगेट करून पासवर्ड पुन्हा टाकून झाला. फरक शून्य.

नुसतं चिन्ह गेलं असतं तर चाललं असतं. पण रोजचा दीड जीबी डेटा दुपारीच संपल्याचा मेसेज येतो. घरात रेंज जेमतेम एक काडी, त्यामुळे सगळी भिस्त वाय-फाय कॉलिंगवर, आणि तेही लागत नाही. दुकानात म्हणतात, सॉफ्टवेअर मारावं लागेल. मारू का?

भरती_ओहोटी

फॅक्टरी रीसेट करा, पाच मिनिटांचं काम. असले सगळे त्रास जातात.

रापण

अरे रीसेट कित्याक? आधी बघूया तरी काय झालंय ते.

चिन्ह न दिसण्यामागे तीन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. वाय-फाय नीट चालू आहे, फक्त चिन्ह लपलंय. किंवा वाय-फाय जोडलंय, पण त्यावर इंटरनेट नाही असं फोनचं मत झालंय, म्हणून त्याने मोबाइल डेटा धरलाय. किंवा फोनमधला वाय-फायचा भागच गेलाय. सेटिंगमध्ये नाव दिसतंय म्हणजे तिसरं तूर्त बाजूला ठेवू.

पहिल्या दोनांतला फरक असा काढा. फ्लाइट मोड चालू करा. मग फक्त वाय-फाय पुन्हा चालू करा. आता मोबाइल डेटाचा रस्ता बंद आहे. ब्राउझरमध्ये आधी कधीही न उघडलेलं एखादं पान उघडा. नेहमीचं नको, ते साठवलेलं असतं तेवढंच दिसतं. पान उघडलं तर वाय-फाय ठीक, चिन्हाचाच घोळ. नाही उघडलं तर दुखणं खरं आहे आणि चिन्ह खोटं बोलत नाहीये.

हे करताना तीन गोष्टी टिपून इथे लिहा: फ्लाइट मोडमध्ये चिन्ह येतं का, आलं तर त्यावर उद्गारचिन्ह आहे का, आणि सेटिंगमध्ये नेटवर्कच्या नावाखाली बारीक अक्षरात नेमकं काय लिहिलंय. ती बारीक ओळ कुणी वाचत नाही, आणि उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

आणखी एक. हे कधीपासून? त्या सुमारास मोडेम बदलला होता का?

कोयंडा

रापण म्हणतात ती चाचणी होईपर्यंत चिन्ह लपण्याची कारणं लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील.

सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे जागा. कॅमेऱ्याच्या भोकामुळे वरची पट्टी आधीच तुटलेली. त्यात दोन सिमच्या काड्या, दोन्हींचं व्होल्टी (४जीवरच्या कॉलचं चिन्ह), नेट स्पीड, ब्लूटूथ, अलार्म, बॅटरीचे टक्के. मग काही चिन्हं फोन गिळतो आणि त्यांच्या जागी एक ठिपका ठेवतो. वयस्कर माणसांच्या फोनवर हे हमखास, कारण 'डिस्प्ले साइज' मोठा करून दिलेला असतो. इथे दोन सेटिंगांत लोक गल्लत करतात. 'फाँट साइज'ने मुख्यतः अक्षरं वाढतात. 'डिस्प्ले साइज'ने सगळंच फुगतं, पट्टीतली चिन्हंसुद्धा. फाँट मोठा ठेवा, डिस्प्ले साइज एक पायरी खाली आणा आणि नेट स्पीड बंद करा. जागा होते.

दुसरं, कुणीतरी सेटिंगमधून चिन्ह बंद केलेलं असतं. रेडमी, रिअलमी, ओप्पो यांत 'नोटिफिकेशन्स अँड स्टेटस बार' नावाचा भाग असतो, तिथे पाहा. मेनूची नावं आवृत्तीनुसार बदलतात, म्हणून सेटिंगच्या शोधपट्टीत 'स्टेटस बार' लिहून शोधणं सोपं. सॅमसंगवर गुड लॉकमधलं क्विकस्टार घातलं असेल तर त्यात प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र बटण असतं. जुन्या अँड्रॉइडवर 'सिस्टिम यूआय ट्यूनर'मधून चिन्ह बंद केलेलं असलं, तर पुढे अपडेट येऊन तो मेनू गेला तरी चिन्ह बंदच राहू शकतं. मग एडीबीनेच (संगणकाला जोडून फोनला आज्ञा देण्याचं साधन) ती नोंद पुसावी लागते.

तिसरं थीमचं. पांढऱ्या वॉलपेपरवर पांढरं चिन्ह. हसू नका, मूळची थीम लावून बघा.

माडाखाली

चाचणी केली. फ्लाइट मोडमध्ये वाय-फायचं चिन्ह आलं, पण उद्गारचिन्हासकट. पान उघडलं नाही. नावाखालच्या ओळीत 'प्रायव्हेट डीएनएस सर्व्हर कॅनॉट बी अ‍ॅक्सेस्ड' असं आहे. फ्लाइट मोड काढला की चिन्ह पुन्हा जातं आणि ४जी येतं. मोडेम मे महिन्यात बदलला, त्रास तेव्हापासूनचाच. डिस्प्ले साइज मधलाच आहे.

रापण

मग सापडलं. उपाय आधी, कारण नंतर.

सेटिंग, 'नेटवर्क अँड इंटरनेट' (काही फोनवर 'कनेक्शन्स', त्यात 'मोर कनेक्शन सेटिंग्ज'), तिथे 'प्रायव्हेट डीएनएस'. तीन पर्याय असतील: ऑफ, ऑटोमॅटिक आणि स्वतः नाव टाकायचा. तुमच्याकडे तिसरा निवडलेला आणि खाली कुठला तरी पत्ता भरलेला असणार, बहुधा जाहिराती अडवणारा. तो पत्ता कागदावर उतरवून ठेवा, 'ऑटोमॅटिक' निवडा, सेव्ह करा. मग वाय-फाय एकदा बंद-चालू.

आता कारण. वाय-फाय जोडल्यावर फोन लगेच विश्वास ठेवत नाही. अँड्रॉइड गुपचूप गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर छोटी विनंती पाठवतो, तिथून २०४ हा कोड आणि रिकामं उत्तर आलं तरच या वाय-फायवर इंटरनेट आहे असं धरतो. नाही आलं आणि मोबाइल डेटा हाताशी असला, तर सगळी वाहतूक तिकडे वळवतो. वाय-फाय जोडलेलं राहतं पण बिनकामाचं. अशा वेळी काही फोन उद्गारचिन्ह दाखवतात, काही चिन्हच काढून घेतात. तुमचा दुसऱ्या जातीचा. दीड जीबी कुठे गेला ते कळलं ना?

प्रायव्हेट डीएनएस अँड्रॉइड ९ पासून आलंय. वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता विचारण्याचं काम कुलूपबंद वाटेने होतं, आणि ती वाट म्हणजे पोर्ट ८५३ (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक दिलेला दरवाजा). ऑटोमॅटिकवर असताना ८५३ चाललं तर ठीक, नाहीतर फोन नेहमीच्या पोर्ट ५३ वर येतो. पण स्वतः नाव टाकलं की फोन हट्टाला पेटतो: त्याच सर्व्हरशी, त्याच वाटेने, नाहीतर नाहीच. नवीन मोडेमच्या फायरवॉलमध्ये किंवा पुढे कुठेतरी ८५३ अडवलेलं असणार. मोबाइल डेटावर ते उघडं आहे, म्हणून तिथे सगळं सुरळीत. बाकीचे दोन फोन ऑटोमॅटिकवर असतील, त्यांना झळ नाही.

वाय-फाय कॉलिंगचंही तेच दुखणं. कॉल लावण्याआधी फोनला सिम कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता डीएनएसकडूनच विचारावा लागतो. उत्तरच नाही तर नोंदणी होणार कशी?

रीसेट मारलं असतं तर प्रायव्हेट डीएनएस मूळपदावर येऊन चिन्ह परत आलं असतं हे खरं, पण त्यासाठी सगळा फोन धुऊन निघाला असता. 'सॉफ्टवेअर मारा' या सल्ल्याची गंमत हीच, की तो पुष्कळदा लागू पडतो आणि का लागू पडला ते कुणालाच कळत नाही.

माडाखाली

केलं. पाच-सहा सेकंदांत पंखा आला, उद्गारचिन्ह नाही. पत्ता जाहिराती अडवणाराच निघाला. वाय-फाय कॉलिंग मात्र अजून दिसत नाही.

रापण

फ्लाइट मोड चालू करून अर्ध्या मिनिटाने काढा, नोंदणी नव्याने होईल. सिमच्या सेटिंगमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' चालू आहे ना पाहा. दोन सिमना दोन वेगळी बटणं असतात. तरीही नाही आलं तर मोडेममध्ये यूडीपी ५०० आणि ४५०० ही पोर्ट मोकळी आहेत का ते केबलवाल्याला विचारा. कॉलचा बोगदा त्यातून जातो.

जाहिराती अडवायच्याच असतील तर तो पत्ता फोनमध्ये घालण्याआधी केबलवाल्याकडून ८५३ उघडून घ्या. नाहीतर जाहिराती अडवणारा ब्राउझर वापरा.

माडाखाली

फ्लाइट मोडनेच काम झालं, माजघरातून कॉल लागला. आता एकच. पावसात वीज सारखी जाते. आली की मोडेमचे दिवे लागतात, तरी चिन्ह दहा-दहा मिनिटं येत नाही, बाकीच्या फोनवरसुद्धा. हे वेगळं का?

कोयंडा

वेगळं, आणि हा दोष नव्हे. वीज आल्यावर मोडेमचा वाय-फाय आधी उठतो, फायबरची बाजू मागाहून जुळते. फोन लगेच जोडला जातो, विनंती पाठवतो, उत्तर नाही. मग तो थोडं थांबून पुन्हा विचारतो, आणि दर वेळी मधलं अंतर वाढवत जातो. ते १० मिनिटांपर्यंत जातं. तोवर इंटरनेट आलेलं असतं, पण फोनला पत्ता नसतो. मोडेमवरचा पॉन दिवा (फायबर जुळल्याचा) स्थिर होऊ द्या, मग फोनचं वाय-फाय बंद-चालू करा. लगेच येईल.

एलओएस दिवा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिसत असेल तर फोनला हातच लावू नका. फायबर कुठेतरी तुटलीय, माड किंवा फांदी पडली असेल. मोडेम १२ व्होल्टचा असेल तर त्याच व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावलात की हा प्रकार बराच कमी होईल. अडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा बघून मगच घ्या.

टाकीतला_खेकडा

माझ्याकडे तिसरी जात आहे. वाय-फायचं बटण दाबलं की चालू होतं आणि आपोआप बंद. ब्लूटूथही तसंच. पुळणीवर फोन ओला झाला होता.

सोल्डर_वात

ब्लूटूथही गेलंय हे महत्त्वाचं. बऱ्याच फोनमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपमध्ये असतात. 'अबाऊट फोन'मध्ये 'स्टेटस' उघडून वाय-फाय मॅक अ‍ॅड्रेस (वाय-फायचा ओळखक्रमांक) पाहा. तिथे 'अनअव्हेलेबल' किंवा ०२:००:००:००:००:०० असं काही आलं तर फोनला ती चिप सापडतच नाहीये. सेफ मोडमध्ये (बाहेरून घातलेली अ‍ॅप बंद ठेवून) एकदा चालू करून बघा, तिथेही तेच असेल तर अ‍ॅपचा दोष नाही.

सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारा. पाण्याची खूण दाखवणारा ठिपका कोरडा असताना पांढरा असतो, लाल झाला असेल तर पाणी आत गेलंय. फोनवर आयपी६८ (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून समुद्राचं पाणी चालतं असं नाही, ती चाचणी गोड्या पाण्यात होते. आणि खारं पाणी सुकून गेलं तरी मीठ बोर्डावरच बसतं, आपली दमट हवा त्याला ओलं ठेवते आणि टाके हिरवे पडत जातात. म्हणून असा फोन चार दिवस चालतो आणि मग एकेक गोष्ट सोडत जातो. तांदळात पुरून मीठ निघत नाही. चार्जिंगला लावू नका, बंद करा आणि उघडून घ्या. कारागीर ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुईल. मायक्रोस्कोप आहे अशाच ठिकाणी द्या. धुऊनही चिप उठली नाही तर रिबॉलिंग (चिप काढून तिचे टाके नव्याने घालणं) किंवा चिप बदलणं, आणि जुन्या फोनला तो खर्च परवडत नाही.

थोडं कमी बिघडलेलं दुखणं असं ओळखा: चिन्ह फक्त मोडेमशेजारी येतं आणि पडवीत जाईपर्यंत गायब. सिग्नल मोजणारं एखादं वाय-फाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप घ्या. मोडेमपासून हातभर अंतरावर -३० ते -५० डीबीएम यायला हवं (सिग्नलचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं). तिथेच -७५ दाखवत असेल तर अँटेनाची पत्ती गंजलीय किंवा तिची वायर सुटलीय. हे स्वस्तातलं काम आहे. जवळ आकडा चांगला आणि खोलीत वाईट असेल तर फोन निर्दोष, भिंती जाड. वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झ चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे जेमतेम पोहोचतं, तिथे २.४ ला वेगळं नाव देऊन तेच वापरा.

निवास_न्याहारी

मालवणहून विचारतोय. पाहुण्यांपैकी एखाद्याच्या फोनवर आमच्या नेटवर्कचं नावच येत नाही, बाकी सगळ्यांना येतं. तो फोन अमेरिकेतून आणलेला असतो, इथलं सिम नसतं.

कोयंडा

राऊटर 'ऑटो'वर असेल तर त्याने चॅनल १२ किंवा १३ धरला असणार. आपल्याकडे २.४ मध्ये १ ते १३ चालतात, अमेरिकेच्या फोनमध्ये बहुधा ११ पर्यंतच. फोन कुठल्या देशात आहे हे तो मोबाइल नेटवर्कवरून ओळखतो, ते नसलं की जुनाच देश धरून बसतो. राऊटरमध्ये २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ असा पक्का करून टाका. पासवर्डची सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए३ (नवीन पद्धत) ठेवली असेल तर जुने फोनही अडतात, डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा.

आयफोनवाला पाहुणा चिन्ह नाही म्हणून आला तर आधी मोबाइल डेटाच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी 'वाय-फाय असिस्ट' पाहा. वाय-फाय अशक्त झालं की ते डेटावर उडी मारतं. आणि दुसऱ्या आयफोनच्या हॉटस्पॉटवर असेल तर पंख्याऐवजी साखळीच्या दोन कड्या दिसतात, तो बिघाड नाही.