०२० दिसलं म्हणून उचलला, तर मुळशीचा प्लॉट!

वैतागलेला_वारजेकर
काल इथेच एकाने लिहिलं, "फोन करणारी पोरं पोटासाठी करतात. कट करा नि विषय संपवा, थयथयाट कसला?" त्याला हे उत्तर. मार्चमध्ये वडील आयसीयूत होते. मी खाली चहाला उतरलो आणि ०२० वरून, म्हणजे पुण्याच्या लँडलाइन कोडवरून, फोन. हॉस्पिटलचा लँडलाइनही ०२०च. चहा तसाच टाकून जिना चढत उचलला, तर "सर, मुळशी में एनए प्लॉट, लेक व्ह्यू!" दुसऱ्या दिवशी परत तेच, फक्त शेवटचे दोन आकडे वेगळे. जाहिरातीचे कॉल नकोत म्हणून १९०९ वर डीएनडी कधीचं लावलंय. जाहिरातीच्या कॉलला १४० ची मालिका ठरवून दिलेली आहे. मग ०२० चा मुखवटा कशाला?

माजी_टेलिकॉलर
तो "एक" मीच. दीड वर्ष खराडीत हेच केलं. नंबर डायलर सॉफ्टवेअर लावतं हो, तुमच्याकडे काय उमटतं ते आम्हाला दिसतही नाही. आणि १४० दिसला तर तुम्ही उचलाल? टार्गेट चुकलं की पगार कापणार मालक, शिव्या खाणार आम्ही.

सदाशिवपेठी
मला राग वेगळाच आहे. प्लॉट मुळशीत, गिऱ्हाईक पुण्याचं, आणि बोलणं हिंदीत? "मराठीत बोला" म्हटलं की फोन आपटतात.

माजी_टेलिकॉलर
स्क्रिप्टच हिंदीत येते. मी हडपसरचा, मला काय हौस आहे?

सदाशिवपेठी
हडपसरचे असून हिंदीत विकत होतात, हे जास्त वाईट.

हिंजवडी_नाइटशिफ्ट
काका, मराठीत गंडवलेलं चालेल का? परवा एकजण "ताई, जेवण झालं का?" विचारत क्रेडिट कार्ड गळ्यात मारत होता.

सदाशिवपेठी
निदान जेवलात का विचारलं. आणि काका कोणाला म्हणता? माझं वय विचारलंय कोणी?

वैतागलेला_वारजेकर
अहो, भाषेचा वेगळा धागा काढा ना! मी आयसीयूबद्दल लिहिलं, तुम्ही जेवणावर आलात.

सदाशिवपेठी
भाषेवर बोललं की तुम्हाला धागा आठवतो. असो. वडील बरे आहेत ना?

वैतागलेला_वारजेकर
बरे आहेत. तेच आता प्लॉटवाल्यांशी तासभर गप्पा मारतात.

तक्रारखोर_बिबवेवाडी
ट्रायने (टेलिकॉम नियामक) नको असलेल्या कॉलच्या नियमांत केलेल्या २०२५ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीला ३ ऐवजी ७ दिवस मिळतात, आणि कारवाईला १० दिवसांत ५ तक्रारी पुरतात. कागदावर छान. पण रोज शेपूट बदललेल्या नंबरवर पाच जणांनी जमायचं कधी, कट्ट्यावर?

माजी_टेलिकॉलर
०२० चं मान्य. हॉस्पिटलचं वाचून वाईट वाटलं. पण शिव्या मालकाला घाला, आणि त्याचा नंबर मिळाला तर मलाही कळवा. माझा शेवटचा पगार बाकी आहे.